जिभेवरची मराठी आणि शुद्धतेचा दंडक

मराठी ही जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, असें एक वचन आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकूं येतें. इंग्रजी स्पेलिंगाच्या लहरीपणाचा विषय निघाला कीं हें वचन हमखास बाहेर पडतें आणि ऐकणारांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचें समाधान पसरतें. आम्हीं स्वतः तें लहानपणीं वडिलांच्या तोंडून ऐकलें, पुढें विद्यार्थ्यांस ऐकविलें, आणि पन्नाशी उलटेपर्यंत त्याच्या खरेपणाविषयीं आम्हांस शंकाही आली नाहीं. आज तें खोटें आहे असें आम्ही म्हणतों. नुसतें खोटें असतें तर त्याची एवढी मातब्बरी नव्हती. परंतु त्याच्या आधारावर आपल्या शाळांतून रोज एक अन्याय घडत आहे, अशी आमची खात्री झाली आहे, आणि तो वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रसंग असा घडला. कांहीं वर्षांपूर्वीं बुलढाणा जिल्ह्यांतील घाटाखालच्या एका गांवीं शालेय वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षक म्हणून जाण्याचा आम्हांस योग आला. आमच्या जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग सारेच मानतात. चिखली, मेहकर, लोणार घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगांव घाटाखालीं. स्पर्धेंत आठवींतला एक मुलगा दुष्काळावर बोलावयास उभा राहिला. पाठ केलेलें भाषण नव्हतें, हें पहिल्या चार वाक्यांतच कळलें. तो म्हणाला, “सारा गाव आभाळाकडे पाहून राह्यला होता.” सभा क्षणभर स्तब्ध झाली. आमच्या शेजारच्या विद्वान परीक्षकांनीं मात्र आपल्या कागदावर ‘क्रियापद अशुद्ध’ असा शेरा मारून गुण कापले. त्या मुलास बक्षीस मिळालें नाहीं. समारोपाच्या भाषणांत तेच गृहस्थ मुलांस उपदेश करूं लागले, “विद्यार्थ्यांनी शुद्ध बोलायला पाह्यजे.” ‘पाहिजे’ नव्हे, ‘पाह्यजे’! मुलाच्या ‘राह्यला’स दंड आणि परीक्षकांच्या ‘पाह्यजे’स टाळ्या. आम्हांस हंसूं आलें. पण तें ओठांवरच विरलें, कारण आमच्या कागदावरही त्याच जागीं तांबडी खूण होती.

तेव्हांपासून आम्ही कान देऊन मराठी ऐकूं लागलों, आणि विशेषतः क्रियापदें ऐकूं लागलों. जें आढळलें तें असें.

स्वराच्या आधारानें एका झटक्यांत उच्चारला जाणारा शब्दाचा जो तुकडा, त्यास आम्ही येथें ‘अवयव’ म्हणूं. ‘अक्षर’ हा शब्द आम्ही मुद्दाम टाळतों; कारण तो आपण कागदावरच्या चिन्हासही लावतों, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो. ‘समज’ हा धातु घ्या. कागदावर तीन अक्षरें आहेत. जिभेवर दोनच अवयव आहेत : स-मज. आतां ‘समजा’ म्हणून पाहा. ‘स-म-जा’ असें कोणीही म्हणत नाहीं. आपण ‘सम्‌-जा’ म्हणतों. ‘समजून’चें ‘सम्‌-जून’ होतें. परंतु ‘समजतो’ म्हणतांना तोच ‘म’ पुन्हां सजीव होतो आणि ‘ज’ निर्जीव होतो : स-मज्‌-तो. धातु एकच, पण प्रत्यय बदलतांच शब्द निराळ्या जागीं दुमडतो. ‘उतर’ या धातूंत हा खेळ अधिक स्पष्ट दिसतो. उ-तर, उत्‌-रा, उ-तर्‌-ला, आणि प्रयोजक झालें कीं उत्‌-रव्‌-ला, आज्ञार्थी ‘उतरवा’ म्हटलें कीं पुन्हां उ-तर्‌-वा. ‘पाठव’चें पा-ठव, ‘पाठवा’चें पाठ्‌-वा, ‘पाठवला’चें पा-ठव्‌-ला. वाचकांनीं हीं रूपें एकदां मोठ्यानें म्हणून पाहावींत. आमच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं.

यांत लहर नाहीं, नियम आहे, आणि तो अगदीं साधा आहे. प्रत्यय स्वरानें सुरू झाला तर धातूच्या उपांत्य व्यंजनांतला ‘अ’ गळतो. प्रत्यय व्यंजनानें सुरू झाला तर धातूच्या अखेरच्या व्यंजनांतला ‘अ’ गळतो. शब्दाच्या शेवटाकडून मागें मोजीत जावें, म्हणजे कोठला ‘अ’ जाणार हें आधींच सांगतां येतें. पांच वर्षांचें पोर हा नियम न चुकतां पाळतें. परंतु त्यास शिकविणाऱ्या गुरुजींस तो सांगतां येत नाहीं, कारण तो त्यांना कोणीं शिकविलेलाच नसतो. मग तेंच पोर ‘बदलला’ऐवजीं ‘बदल्ला’ आणि ‘उचलला’ऐवजीं ‘उचल्ला’ असें लिहितें, आणि निष्काळजी म्हणून बोलणीं खातें. वास्तविक त्यानें जें ऐकलें तें प्रामाणिकपणें कागदावर उतरविलें. ‘लिहावें तसें बोलावें’ हें आपलें वचन त्यानें उलट्या बाजूनें खरें मानलें, एवढाच त्याचा अपराध.

ऱ्हस्वदीर्घाची गोष्टही याच घरची आहे. ‘ऊठ’ दीर्घ, पण ‘उठतो’ ऱ्हस्व. ‘शीक’ दीर्घ, पण ‘शिकला’ ऱ्हस्व. ‘पूस’ आणि ‘पुसतो’, ‘फूट’ आणि ‘फुटला’. शब्द एकाच अवयवाचा असला म्हणजे सारा भार त्याच्या स्वरावर पडतो आणि तो लांबतो. पुढें प्रत्यय जोडला कीं भार वांटला जातो आणि स्वर आखडतो. क्रियापदांतच नव्हे, नामांतही हेंच चालतें. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांच्या संग्रहाचें नांव ‘शीळ’. तिला विभक्तीचा प्रत्यय लावून ‘शिळेवर’ म्हटलें कीं दीर्घाचा ऱ्हस्व होतो. शाळेंत हें सारें पाठ करावयाचें कलम म्हणून येतें. कान उघडे ठेवले असते तर पाठांतराचें कारणच उरलें नसतें.

परकीय भाषा शिकतांना मात्र आपण फार सोवळे असतों. इटालियन भाषेच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकांत क्रियापदाबरोबर त्याचे अवयव आणि त्यांतला आघात शिकवितात. ‘पार्लो’ म्हणजे मी बोलतों, ‘पार्लानो’ म्हणजे ते बोलतात. दोहोंत जोर पहिल्या अवयवावर. ‘पार्ल्यामो’ म्हणजे आम्ही बोलतों. येथें जोर पुढें सरकतो. ‘कापितो’ हा शब्द मराठी कानास सुरीची आठवण करून देईल, पण त्या भाषेंत पहिल्या अवयवावर जोर दिल्यास ‘मी अवचित येऊन पोचतों’, दुसऱ्यावर दिल्यास ‘समजलेलें’, आणि शेवटच्या स्वरावर खूण करून जोर दिल्यास ‘घडलें’ असे तीन अर्थ होतात. इंग्रजीच्या वर्गांत आम्ही स्वतः नामाचा आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर, हें वर्षानुवर्षें घोकून घेतलें आहे. ज्या विद्यार्थ्यास साता समुद्रांपलीकडच्या भाषेंतल्या क्रियापदाचे अवयव मोजतां आले पाहिजेत, त्यास स्वतःच्या आईच्या भाषेंतले मोजतां येऊं नयेत, ही स्थिति शोभादायक नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं मराठींत आघातानें अर्थ बदलत नाहीं, मग या खटाटोपाचें प्रयोजन काय? मराठींतला आघात सौम्य आहे आणि इटालियनप्रमाणें तो अर्थ फिरवीत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. पण अर्थ बदलत नाहीं म्हणून नियम नाहीं, असें थोडेंच आहे? ‘समजतो’ हा शब्द चारही अक्षरें पूर्ण फोडून कोणी म्हटला तर अर्थ कळेल, पण बोलणारा मराठी नव्हे हेंही त्याच क्षणीं कळेल. अंध विद्यार्थ्यांस पुस्तकें वाचून दाखविणारीं जीं यंत्रें आतां निघालीं आहेत, तीं तयार करणारांस हा नियम यंत्राच्या गळीं उतरवावा लागतो. नाहींतर यंत्र प्रत्येक ‘अ’ उच्चारीत बसतें आणि ऐकणाराचे कान किटतात. यंत्रास जें शिकवावें लागतें, तें शिक्षकास ठाऊक असूं नये काय?

दुसरा आक्षेप कवितेच्या बाजूनें येतो. वृत्तबद्ध कवितेंत प्रत्येक अक्षर मोजलें जातें आणि प्रत्येक ‘अ’ उच्चारावा लागतो. तेव्हां तोच पूर्ण, म्हणून तोच शुद्ध उच्चार, असें कांहीं पंडित समजतात. माधव जूलियन यांनीं ‘छंदोरचना’ लिहून पद्याच्या मोजमापाची कसून चिकित्सा केली, ती पद्यासाठीं. पद्याचा गज घेऊन बाजारांतलें बोलणें मोजावयास निघणें म्हणजे लग्नांतला शालू नेसून शेतांत निंदण करण्यासारखें आहे. शालूस दोष नाहीं आणि निंदणासही नाहीं. दोष आहे तो दोहोंतला भेद न ओळखणाराचा.

आतां आम्ही मूळ मुद्द्याकडे येतों. ‘राह्यला’ अशुद्ध कां? ‘राहिला’ या शब्दांत तीन अवयव होते : रा-हि-ला. मधला ‘हि’ हलका, पुढचा ‘ला’ जड. बोलतांना मधला हलका स्वर दबला आणि दोन अवयव उरले. हाच दबाव ‘पाहिजे’चें ‘पाह्यजे’ करतो, आणि तें पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांतही रोज ऐकूं येतें. आणि मागें जाऊन पाहा. आमच्या आजोबांच्या पिढीचें लेखन ‘करितों’ असें होतें : क-रि-तों. आज सारा महाराष्ट्र ‘कर्‌-तो’ म्हणतो आणि पाठ्यपुस्तकें तसेंच छापतात. बखरींत ‘मारिला’ आहे, आज ‘मारला’ आहे. ‘पाठविला’ मागें पडून ‘पाठवला’ रूढ झाला. जुन्या गद्यांतलें ‘म्हणितलें’ झिजून ‘म्हटलें’ झालें. प्रत्येक ठिकाणीं तोच नियम : मधला हलका स्वर जातो. म्हणजे आज ज्यास आपण प्रमाण क्रियापद म्हणतों, तें एके काळच्या ‘आळशी’ जिभेचेंच अपत्य आहे. ‘करितों’चा ‘करतो’ झाला तो भाषेचा विकास, आणि ‘राहिला’चा ‘राह्यला’ झाला तो खेडवळपणा! हा निवाडा व्याकरणाचा नव्हे. बोलणाराच्या अंगावरचे कपडे पाहून दिलेला आहे.

लेखनाच्या नियमांनींसुद्धां अखेर जिभेपुढें मान तुकविली आहे. मराठी साहित्य महामंडळानें १९६२ सालीं चौदा नियम केले आणि १९७२ सालीं त्यांत चारांची भर घातली. त्या नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आम्ही जुन्या वळणाचीं माणसें ते अजून देतों, हें वाचकांस दिसतच आहे. पण ती आमची हौस आहे. कोणा मुलानें ते दिले नाहींत म्हणून त्याचा गुण कापावा, असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. जो न्याय अनुस्वारास, तो क्रियापदाच्या मधल्या स्वरास कां नसावा?

वऱ्हाडी बोलीच्या क्रियापदांविषयीं आणखी दोन शब्द. ‘करून राहिला’ ही रचना म्हणजे चुकीचें ‘करीत आहे’ नव्हे. चालू क्रियेसाठीं या मुलखानें घडविलेलें तें स्वतःचें रूप आहे. ‘करजो’, ‘येजो’, ‘सांगजो’ हीं रूपें तर प्रमाण भाषेंत नाहींतच. आतां नव्हे, पुढें योग्य वेळीं कर, अशी मायेची आज्ञा त्यांत असते. परगांवीं शिकावयास निघालेल्या लेकाला एस.टी.च्या खिडकीशीं उभी राहून आई सांगते, “बाबू, पोचल्यावर फोन करजो.” याचें प्रमाण भाषेंत भाषांतर करून पाहावें. ‘फोन कर’ म्हटलें तर हुकूम होतो, ‘फोन करशील’ म्हटलें तर शंका उरते. गुजरातींत हें रूप शिष्टसंमत आहे. आपल्याकडे तेंच गांवढळ ठरतें. आणि अवयवांच्या दृष्टीनें पाहिलें तर ‘कर्‌-जो’ आणि ‘कर्‌-तो’ हे सख्खे भाऊ आहेत.

या बोलीस कुळशील नाहीं, असेंही नाहीं. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रां’त चक्रधरस्वामींच्या संचाराच्या ज्या कथा आहेत, त्यांत मेहकर आणि लोणार हीं आमच्या जिल्ह्यांतलीं गांवें येतात, मराठी गद्याच्या पहाटे ही भूमि जागी होती. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला, त्यांत मराठीच्या बोलींमध्यें वऱ्हाडीची नोंद आहे. याच जिल्ह्यांतल्या अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिच्या पानांतून या मातीचें बोलणें नांदतें. दिल्लीस ज्या बोलण्याचा सन्मान होतो, त्याच बोलण्याबद्दल तालुक्याच्या शाळेंत मूल मान खालीं घालतें, हा विरोधाभास आपण किती दिवस मुकाट्यानें पाहणार?

विद्वानांची उणीव आपल्याकडे कधींच नव्हती. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ चें, मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ चा. अशोक केळकरांनीं अमेरिकेंतल्या कॉर्नेल विद्यापीठांत मराठीची ध्वनिव्यवस्था आणि रूपव्यवस्था यांवर प्रबंध लिहिला, त्यास १९५८ साल उलटून किती वर्षें झालीं! ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां गांवोगांव पेढे वांटले गेले, आम्हींही खाल्ले. पण ग्रंथालयाच्या कपाटांतून हें ज्ञान शाळेच्या फळ्यापर्यंत आलें नाहीं, तर तो दर्जा भिंतीवर टांगलेल्या मानपत्रासारखा राहील.

आमच्यावर आरोप येईल कीं हे प्रमाण भाषा मोडावयास निघाले. आमचें तसें मुळींच म्हणणें नाहीं. चंद्रपूरच्या माणसाचें पत्र सावंतवाडीस वाचलें जावें, यासाठीं लेखनाची एक घडी हवी, आणि ती प्रत्येक मुलास उत्तम आली पाहिजे. आमच्या वऱ्हाडी मुलांस तर ती अधिकच चोख यावी, म्हणजे नोकरीच्या मुलाखतींत त्यांना कोणी अडवूं नये. आमचा वाद एवढाच आहे कीं ती घडी शिकवितांना मुलाची जीभ अपराधी ठरवूं नये. ‘तूं म्हणतोस तें चूक’ असें म्हणणें निराळें, आणि ‘तूं म्हणतोस तें असें कां होतें हें पाहा, आणि लिहितांना असें लिही’ असें म्हणणें निराळें. पहिल्यानें मूल गप्प बसतें. दुसऱ्यानें तें विचार करूं लागतें.

कर्तव्य काय, तें थोडक्यांत सांगतों. पांचवीच्या वर्गांत दोन तास पुरे आहेत. मुलांनीं टाळ्या वाजवून क्रियापदांचे अवयव मोजावेत : स-मज, दोन टाळ्या, सम्‌-जा, दोन टाळ्या, स-मज्‌-तो, तीन टाळ्या. मग घरचें एखादें क्रियापद प्रत्येकानें आणावें, तेंही तसेंच मोजावें, आणि त्याशेजारीं प्रमाण रूप लिहावें. शिक्षकांच्या अध्यापनविद्यालयांत या विषयास चार व्याख्यानें द्यावींत. आणि वक्तृत्वस्पर्धेच्या परीक्षकांनीं उच्चाराचे गुण देण्यापूर्वीं एकदां स्वतःचें बोलणें ध्वनिमुद्रित करून ऐकावें. याला पैसा लागत नाहीं, समिति लागत नाहीं. थोडा नम्रपणा मात्र लागतो.

सुशिक्षित कुटुंबांसही आमची एक विनंति आहे. गांवाकडून आलेल्या आजीनें नातवास “जेवून घेजो” म्हटलें कीं सून किंवा मुलगा तिला नातवादेखत दुरुस्त करतो, हें दृश्य आम्हीं अनेक घरांत पाहिलें आहे. आजी हंसते आणि पुढें कमी बोलूं लागते. नातवास शुद्ध मराठी मिळतें कीं नाहीं कोण जाणे. आजी मात्र त्याच्या हातून जाते.

राहतां राहिला तो आठवींतला मुलगा. त्याचें नांव आम्हांस आठवत नाहीं, कारण बक्षिसांच्या यादींत तें आलेंच नाहीं. पण “सारा गाव आभाळाकडे पाहून राह्यला होता” हें वाक्य आम्हांस शब्दशः आठवतें. त्या दिवशीं पहिल्या आलेल्या भाषणांतलें एकही वाक्य आठवत नाहीं. त्याचें वाक्य कागदावर कसें लिहावें, हें त्यास कोणीही पांच मिनिटांत शिकवूं शकला असता. आम्हीं शिकविलें नाहीं. आम्हीं गुण कापले. तांबड्या शाईची ती खूण त्याच्या भाषेवर नव्हे, आमच्या शिक्षणावर होती, हें कबूल केल्यावांचून या विषयावर दुसऱ्या कोणास कांहीं सांगण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाहीं, म्हणून तें येथें कबूल करितों.